बहात्तर तास

वस्ताद,

गेल्या आठवड्यात एका सोनारानं मला माझाच हात काउंटरवरून उचलायला लावला, आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. लातूरला सराफ्यात त्याचं दुकान आहे, तिथं मी काटा तपासायला गेलो होतो. त्याचा काटा एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. तुमच्या वेळेला असला काटा आपण फोटोतसुद्धा पाहिला नव्हता. चहूबाजूंनी काचेची पेटी, मध्ये बशीएवढं पारडं, समोर हिरवे आकडे. सकाळी साडेदहाची वेळ. मी पेटीची दारं लावली, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला, चिमट्यानं वीस ग्रॅमचं वजन ठेवलं, आणि शेवटचा आकडा काही केल्या थांबेना. तीन, सात, दोन, नऊ. मी म्हणालो, पंख्याचा वारा आहे. त्यानं पंखा बंद केला. मी म्हणालो, एसीचा कंप आहे. त्यानं एसी बंद केला. मी म्हणालो, रस्त्यावरून ट्रक जातात. तो दाराबाहेर बघून म्हणाला, "मिस्त्री, सकाळपासून ट्रक तर एक बी गेला न्हाई. तुमी जरा हात उचला बरं काउंटरवरचा." मी हात उचलला. आकडा थांबला. वीस, आणि पुढं तीन शून्यं. दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यातल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. सोनार मात्र हसला नाही, ते जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, "काटा बरोबर हाय. जा, च्या पिऊन या."

मी आता त्रेपन्नाचा आहे. तुम्ही गेलात तेव्हा तेविसाचा होतो. मधली वर्षं थोडक्यात सांगतो, तुम्हाला पाल्हाळ खपायचं नाही. लोखंडी काटे गेले, दांडीचे तराजू तर आता भंगारातच दिसतात. सगळं विजेवर आलं. पारड्याखाली धातूचा एक तुकडा असतो, वजन पडलं की तो केसाइतका वाकतो, आणि त्या वाकण्याचा आकडा होतो. हे मला कुणी शिकवलं नाही. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी. इंग्रजी पुस्तिका घेतली, शेजारी डिक्शनरी ठेवली, एकेका शब्दावर पेन्सिलीनं मराठी लिहीत गेलो. पहिली पुस्तिका चाळीस पानांची होती, तिला पाच महिने लागले. आज डाळमिलचे शिकलेले इंजिनीअर मला फोन करून विचारतात की काटा उन्हाळ्यात का सरकतो. मी सांगतो. फुशारकी वाटेल, पण तुमच्यापुढं खोटी नम्रता दाखवली असती तर तुम्हीच कान पिळला असता.

कान तुम्ही एकदाच पिळला होता. नांदेडच्या धान्यबाजारातलं, मोंढ्यातलं आपलं दुकान, दोन आडतींच्या मध्ये चिमटून बसलेलं. पुढं काम करायची जागा, मागं वजनांची खोली. मला येऊन आठवडा झालेला. मी पितळी वजनांची पेटी उघडली आणि दोनशे ग्रॅमचं वजन सरळ बोटांनी उचललं. तुम्ही दांडी घासता घासता उठलात, माझा कान धरलात आणि म्हणालात, "बोटाला घाम असतोय. घामाला वजन असतंय. ह्या वजनावर समद्या बाजाराची वजनं तपासायची हायत, आन तू त्याला तुझा घाम चारून राहिला!" तुम्ही ते वजन फडक्यानं इतकं पुसलंत की मला वाटलं आता ते पुसण्यानंच कमी भरणार. संध्याकाळी घरी निघताना तुम्ही खिशातला चिमटा काढून माझ्या हातावर ठेवलात. तुमचा रोजचा, टोकांना हस्तिदंत लावलेला. म्हणालात, "ठेव. माझ्याकडं दुसरा हाय." तुमच्याकडं दुसरा नव्हता, हे मला महिन्याभरानं कळलं. त्या महिन्यात तुम्ही लहान वजनं कागदाच्या घडीनं उचलत होतात.

आपण तपासणीच्या कॅम्पला जायचो, भोकरला, हदगावला, मुदखेडला. एस. टी.च्या टपावर काटे, मांडीवर पितळी वजनांची पेटी. पेटी तुम्ही कधी माझ्या मांडीवर दिली नाही. गावातले व्यापारी आपापली लोखंडी वजनं घेऊन रांगेत उभे असायचे. वजन कमी भरलं तर बुडाच्या भोकात शिसं ओतायचं, जास्त भरलं तर खरवडायचं, मग वजनमाप खात्याच्या साहेबांनी त्या शिशावर शिक्का मारायचा. आणि तराजूला पासंग असला, म्हणजे रिकामी पारडीच एकीकडं झुकत असली, की तुम्ही दुकानदाराकडं चष्म्यावरून बघायचात. "काटा खोटा हाय का माल खोटा, बघायचं असलं तर पारडी बदलून बघ," हे तुम्ही मला हदगावच्या बाजारात शिकवलंत. अंदाज हा शब्द तुम्हाला शिवीसारखा होता. कुणी म्हणालं की 'अंदाजे पाच किलो आहे', की तुम्ही म्हणायचात, "मग काट्याला काय आरती करायला ठेवलंय का?"

आणि सकाळी सात वाजता तुमचे हात थरथरायचे. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. दुकान उघडलं की तुम्ही मागच्या खोलीत जायचात, वजनांच्या रॅकमागून देशीची बाटली काढायचात आणि पाण्यासारखी अर्धा ग्लास प्यायचात, तोंड वाकडं न करता. मग खुर्चीवर डोळे मिटून बसायचात. मी शिसं वितळवायची चूल पेटवायचो. पंधरा-वीस मिनिटांनी तुम्ही हात पुढं धरून बघायचात आणि म्हणायचात, "बसला." हात बसला, म्हणजे थरथर थांबली. त्यानंतर तुम्ही तराजूतल्या सुरीच्या धारेवर दांडी अशी टेकवायचात की मी श्वास धरायचो. मला ते विचित्र वाटायचं नाही. कारागिराच्या हाताला तेल लागतं तसं तुमच्या हाताला हे लागतं, अशी माझी समजूत होती. मोंढ्यातल्या सगळ्यांची होती. हमाल म्हणायचे, "वस्ताद पिऊन जितकं बरोबर तोलतो तितकं दुसरा उपाशी राहून तोलत न्हाई." तुम्ही हसायचात. मीही हसायचो. दारू तुमचा हात बसवत होती की तीच आधी हलवत होती, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. आणि पारडी बदलून बघायला तर तुम्हीच शिकवलं होतं.

मग मावशींनी, तुमच्या कुटुंबानं, तुम्हाला बेलभंडार उचलायला लावला. तुमच्या तोंडातून सकाळी दोनदा रक्त पडलं होतं, म्हणून. देवघरापुढं तुम्हाला बसवलं, ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. तुम्ही ते दोन्ही हातांत उचललंत आणि म्हणालात, उद्यापासून थेंब घेणार नाही. मी दाराच्या चौकटीत उभा होतो. हळद तुमच्या बोटांतून खाली सांडत होती, हात इतके हलत होते. मावशी रडत होत्या, पण आनंदानं. एवढी शपथ घेतल्यावर माणूस कसा पिईल? शपथ मोडली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. शपथ पाळली तर काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, तुम्ही मला मागच्या खोलीपाशी नेलंत. तुम्ही म्हणालात, घरात पोरं आहेत, त्यांच्यापुढं तमाशा नको. रॅकमागची बाटली तुम्ही स्वतः मोरीत ओतलीत. मग म्हणालात, "तीन दिवस. तीन दिवसांत अंगातून निघून जाती. मी आत बसतो, तू भायरून साखळी लाव. मी शिव्या दिल्या, रडलो, तुझ्या पाया पडलो, तरी उघडायची न्हाई. उघडलीस तर तू माझा चेला न्हाईस." मी घड्याळ बघितलं. तीन वाजले होते. मी विचारलं, "म्हणजे गुरुवारी तीनला?" तुम्ही म्हणालात, "तीनला. मिनिट कमी न्हाई." तुम्हाला माझा अभिमान वाटला, ते तुमच्या तोंडावर दिसलं. मी साखळी लावली.

त्या साखळीवर दार चार बोटं उघडायचं. त्या फटीतून मी पाणी देत होतो, मावशींनी पाठवलेली भाकरी देत होतो. पहिल्या दिवशी तुम्ही घामानं भिजलात आणि भाकरी उलटून पडली. मंगळवारी शिव्या सुरू झाल्या. मला, माझ्या बापाला, मावशींना. फटीतून तुमचा अर्धा चेहरा दिसायचा, एक डोळा. बाहेर सोयाबीनची हर्राशी चालू होती, पुकारा करणाऱ्याचा आवाज आणि तुमचा आवाज एकमेकांत मिसळत होते. एका हमालानं विचारलं, "वस्ताद आत काय करून राहिले रं?" मी म्हणालो, "वजनं मोजून राहिले." तो म्हणाला, "लई जोरात मोजून राहिले की!" आणि सगळे हसले. बुधवारी तुम्ही शिव्या थांबवल्यात. मला वाटलं, उतार पडला. तुम्ही कपड्यांवरून काहीतरी झटकत होतात, पुन्हा पुन्हा, आणि मला म्हणालात, "ही बारकी वजनं चालून राहिलीत बघ अंगावर. चिमटा आण." मी फटीतून तुमचाच चिमटा दिला. तुम्ही तो घेतलात आणि आपल्या बाहीवरून एकेक वजन उचलून हवेत ठेवू लागलात, अगदी बरोबर, ज्या क्रमानं पेटीत ठेवायची त्याच क्रमानं. आधी पन्नास, मग वीस, मग दहा. मी ते बघत उभा राहिलो. मला भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, काम विसरलेले नाहीत, म्हणजे ठीक आहे.

गुरुवारी तीन वाजता मी साखळी काढली. तुम्ही रॅकखाली आडवे होतात, तोंडातून फेस, जीभ चावलेली, पायाच्या टाचा सोललेल्या. हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं, हमालांनीच. ते आता हसत नव्हते. संध्याकाळी तुम्ही गेलात. तिथले डॉक्टर वयस्क होते, त्यांनी मला व्हरांड्यात विचारलं, किती दिवस पीत होते, रोज किती, आणि कधी बंद केली. मी नेमके तास सांगितले. त्यांनी चष्मा काढला. "अरे, इतकी पिणाऱ्याची अशी एकदम बंद करत नसतात. आधी इथं आणायचं. औषध देऊन उतरवतात. खोलीत कोंडून काय उतरवता?" ते रागावले नव्हते, थकले होते. म्हणजे तुम्ही पहिले नव्हतात.

मोंढ्यात सांगितलं, वस्तादांच्या छातीत कळ आली. मावशींनीही तेच सांगितलं. आम्ही दोघांनी ते आपसात ठरवलं नव्हतं. दिवस करायला लोक जमले तेव्हा मावशींनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणालो, छातीत कळ. पुढं त्याच दुकानात बसणं मला जमलं नाही. मी लातूरला आलो.

तुम्हाला काय झालं होतं त्याचं नाव मला खूप वर्षांनी सापडलं, जुन्या पुस्तकांच्या ढिगातल्या एका वैद्यकीय पुस्तकात. तेही डिक्शनरी घेऊनच वाचलं. त्यात सगळं होतं, वस्ताद, क्रमानं. पहिल्या दिवशी घाम आणि थरथर. मग झटके. तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम, अंगावर किडे-मुंग्या चालल्यासारखं. म्हणजे ज्याला आपण दारू निघून जाणं समजत होतो, ते तुमच्या मेंदूचं पेटणं होतं. वर्षानुवर्षं दारूनं दाबून धरलेली स्प्रिंग एकदम सोडली, एवढं ते सरळ होतं, आणि स्प्रिंगा मला कळत होत्या. ते पान मी इतक्यांदा वाचलं की त्या जागी पुस्तक आपोआप उघडतं.

एवढं सगळं माहीत असून मी कसा लागलो, हे तुम्ही विचाराल. चाळिशीपर्यंत मी थेंब घेतला नाही. मग एका डाळमिलचं मोठं काम झालं, मालकानं ग्लास पुढं केला, आणि मला वाटलं, मी काही वस्ताद नाही, मी मोजून घेईन. मी खरोखर मोजून घेत होतो. कॉलेजात असतं तसं काचेचं मोजपात्र आणलं, त्यावर रेघा. साठ म्हणजे साठ, एकसष्ट नाही. लोक पितात, मी माप घेतो, असं मी बायकोला म्हणायचो आणि माझा त्यावर विश्वास होता. साठाचे एकशेवीस झाले तेव्हाही मोजून झाले. एकशेऐंशी झाले तेव्हाही. मग सकाळी हात हलायला लागले आणि मी सकाळचा एक डोस सुरू केला. तो मोजत नव्हतो, कारण ते औषध होतं. दुपारचाही पुढं औषधात गेला. मोजपात्र मी फक्त संध्याकाळी वापरत राहिलो, आणि संध्याकाळचं माप माझं आजही चुकत नाही. आपल्या धंद्यात ह्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. पासंगाचा काटा. रिकामाच झुकलेला, आणि वर शिक्का मारलेला.

सोनाराकडून घरी गेलो त्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात ताट मांडून बसली होती. ती अंगणवाडीत आहे. दर महिन्याला लेकरांची वजनं करते, आणि तिचा काटा मी वर्षातून दोनदा तपासून देतो. ताटात बेल होता आणि भंडारा होता. मी दारातच थांबलो.

"या, बसा," ती म्हणाली. "उचला."

"हे काय आहे?"

"दिसत न्हाई का? लेकीचं लगीन ठरून राहिलं. पावनी येऊन तुमचा हात बघून गेली. उचला आन म्हणा, उद्यापासून थेंब न्हाई."

"उद्यापासून नाही जमणार."

"मग मुहूर्त काढून आणू का?"

"अगं, एकदम बंद केली तर माणूस मरतो."

ती हसली. इतक्या दिवसांनी हसली, आणि ते असं. "हे बरं हाय. पिऊन बी मरतो, न पिता बी मरतो. मग पिऊनच मरावं म्हणा की!"

"पुस्तकात आहे."

"तुमच्या पुस्तकात समदंच असतंय. जगातल्या सगळ्या बेवड्यांकडं हे पुस्तक हाय."

वस्ताद, मी तिथं उभा होतो आणि मला कुठल्याही बाजूनं वाट नव्हती. भंडारा उचलला तर शब्द पाळणारा माणूस मी, तिसऱ्या दिवशी कुठं असेन ते मला पानासह पाठ. नाही उचलला तर मी एक बहाणे करणारा दारुडा, आणि लेकीचं लगीन त्या ताटात. जे मी सांगत होतो ते शंभर टक्के खरं होतं, आणि माझ्या तोंडून ते शंभर टक्के खोटं वाटत होतं. माझ्याकडं एकच पुरावा होता, तो म्हणजे तुम्ही. आणि तुमच्या तर छातीत कळ आली होती, हे मीच तिला लग्नाच्या आधीपासून सांगत आलो होतो.

शेवटी मी म्हणालो, "दवाखान्यात चल. माझ्यासंगं आत बस. डॉक्टर म्हणाले आज बंद कर, तर आज बंद. मग तुझं ताट उचलतो." तिनं ताटावर दुसरं ताट झाकलं.

लातुरात सगळे ओळखतात म्हणून नांदेडला गेलो, सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी विचारलं, "काका, रोज किती घेता?"

"एक क्वार्टर," मी म्हणालो. "मोजून."

"तीन," बायको म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती डॉक्टरीणबाईंकडंच बघत होती. "इतवारी चार. रिकाम्या बाटल्या मी टाकते, मॅडम. ह्यांना वाटतं त्या आपोआप जातात."

"सकाळी लागते का?"

"सातला," ती म्हणाली. "न्हाई घेतली तर शर्टाचं बटन लागत न्हाई. मी लावून देते."

डॉक्टरीणबाईंनी एक खोडून तीन लिहिलं. मग माझ्याकडं न बघता, शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं काकू आल्या. गोळ्यांचा डोस ह्या आकड्यावर ठरतो. एकच्या हिशेबानं दिल्या असत्या तर अपुऱ्या पडल्या असत्या." आणि त्यांनी समजावून सांगितलं: आठ-दहा दिवस भरती, गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करायच्या, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, नंतर दर पंधरवड्याला भेट, सोबत बोलायला समुपदेशक. सोमवारी खाट रिकामी होते. तोवर आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, वाढवायचीही नाही, उपाशी राहायचं नाही. झटका आला किंवा भलतंसलतं दिसायला लागलं तर सोमवारची वाट न बघता सरळ आणायचं.

बायको म्हणाली, "म्हंजी हे खरं हाय? एकदम सोडली तर मरतंय माणूस?"

"सगळेच नाही. पण इतकी वर्षं, इतकी घेणारे मरू शकतात. सोडायचीच आहे, काकू. पण इथं, आमच्या डोळ्यांसमोर."

मी विचारलं, "वॉर्डाच्या दाराला बाहेरून साखळी असते का?"

त्या हसल्या. "काका, तुरुंग आहे का हा?" बायको हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

परतीच्या गाडीत लोहा गाव सुटल्यावर तिनं विचारलं, "साखळीचं कशापायी विचारलं?" खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं, पुढच्या सीटवर एक बाई शेंगा सोलत होती. मी सांगितलं. अहमदपूर येईपर्यंत सांगत होतो. बेलभंडार, सोमवार, चार बोटांची फट, हमालांचं हसणं, चिमट्यानं हवेत ठेवलेली वजनं, आणि गुरुवारी तीनला काढलेली साखळी. सगळं झाल्यावर तिनं पदरानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला, लोकांदेखत, आणि म्हणाली, "तुमी काय केलं ओ त्यात? त्यांनी सांगितलं तेच केलं की. ते म्हनले तीनला, तुमी तीनला उघडलं. तुमच्या हातानं काय झालं न्हाई." आणि मी मान हलवली. अजून ती मान तशीच हललेली आहे.

आज रविवार आहे. शटर अर्धं खाली ओढून दुकानात बसलो आहे. उद्या सकाळी सातच्या गाडीनं जायचंय, पिशवी तिनं भरून ठेवली आहे. दोन टॉवेल, स्टीलचा डबा, माझा चष्मा. आता थोड्या वेळापूर्वी ती डोकावून गेली. विचारलं, "काय लिहून राहिले?" मी म्हणालो, "एका काट्याचं कोटेशन." ती म्हणाली, "हात बरा चालून राहिला की आज." हात चालतोय, कारण ठरवून दिलेलं माप सकाळी घेतलं आहे, तिच्यापुढं, तिनं ओतून दिलेलं. उद्या तो वॉर्डात हलेल, आणि कुणीतरी तो धरेल. तिच्या मनात आता काही शंका उरलेली नाही. ताटातला बेल तिनं तुळशीत टाकला. मी बरा होईन, असंच ती धरून चालली आहे, एका सरळ, सांगितलेलं ऐकणाऱ्या माणसासारखा. त्या माणसाच्या जागी जाऊन झोपायचं मला धाडस होत नाही, म्हणून हे तुम्हाला. तुम्हाला तर माहीतच आहे, पण माझ्या अक्षरात कुठंतरी असावं.

गुरुवारी दोन चाळीसला तुम्ही मला हाक मारलीत. शिवी नव्हती, रडणं नव्हतं, भ्रमही नव्हता. कॅम्पमध्ये वजन सांगायचात तसा आवाज होता. तुम्ही म्हणालात, "उघड लेका. तीन दिवस हे मी अंदाजानं बोललो व्हतो." मी घड्याळ बघितलं आणि फटीतून म्हणालो, "वस्ताद, वीस मिनिटं राहिली." मग तुम्ही पडल्याचा आवाज आला, आणि फरशीवर टाचा आपटल्याचा, खूप वेळ. तो राग नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी साखळीवर हात ठेवून उभा राहिलो आणि ती वीस मिनिटं पूर्ण केली.